बिझीपणा कमी करायचाय? मग आधी प्रायोरिटी ठरवू नका, आधी दिलेले शब्द मोजा

गुढीपाडवा झाला की किंवा जानेवारी लागला की ओळखीतले निम्मे लोक नवीन डायरी घेतात, त्यात तीन गोष्टी लिहितात, रोज नागपूरच्या अंबाझरी तलावावर चालायला जाणार, मुलांना वेळ देणार, ते राहून गेलेलं तबला नाहीतर इंग्रजी शिकणार, आणि पंधरा दिवसांत डायरी टीव्हीच्या खाली. मग म्हणतात माझ्यात जिद्दच नाही. जिद्दीचा काही संबंध नाही हो. आधीचं एकही काम कमी न करता त्यावर तीन नवीन ठेवली, तर ती राहणार कुठे? भर मे महिन्यात कूलरच्या टाकीत पाणी न टाकता पंखा फुल केल्यासारखं आहे हे, आवाज येतो पण गरम हवाच लागते.

चूक असते ती क्रमात. लोक आधी प्रायोरिटी निवडतात आणि मग वेळ शोधत बसतात. आधी मोजायचं, मग निवडायचं, मग जुनं नीट बंद करायचं, काही दिवस जागा मोकळी ठेवायची आणि सगळ्यात शेवटी नवीन वेळापत्रक. मधली एक पायरी जरी गाळली ना, तरी दोन महिन्यांत गाडी परत तिथेच येते. खाली सगळं ओळीने लिहिलंय, उड्या मारून वाचू नका.

तयारी: केव्हा सुरू करायचं आणि काय लागतं

मुहूर्त बघा, पण पंचांगातला नाही. पोळा ते दिवाळी या काळात नागपुरात कोणाचंच काही कमी होत नाही. तान्हा पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या (म्हणजे गौरी), नवरात्र, दसरा, एकामागे एक लागलेलं असतं, त्यात सुरुवात केली तर पहिल्याच आठवड्यात बारगळते. लग्नसराईत पण नको. अकाउंट्सवाल्यांनी मार्चचं नाव काढू नये आणि सरकारी ऑफिसात असाल तर हिवाळी अधिवेशनाच्या डिसेंबरचं.

मे महिना लोकांना सोयीचा वाटतो, कारण दुपारी बाहेर पडायचा प्रश्नच नसतो, पण तिथे एक गंमत होते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू असताना अख्खं गावच घरात असतं, शाळा बंद, कार्यक्रम सकाळी नाहीतर रात्री, मग तुमचा हिशोब फसवा येतो, तुम्ही आहात त्यापेक्षा रिकामे दिसता. शाळा आपल्याकडे जूनच्या शेवटी उघडते, ती रुळली की जुलै महिना बरा. नाहीतर संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपल्यावर.

सामान काय, एक साधी चाळीस पानी वही आणि पेन. नवीन अॅप डाउनलोड करू नका, ते रोज उघडायचं हेच एक काम वाढतं. आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा की मी आठवडाभर काहीतरी लिहून राहिलो आहे, नाहीतर आई तिसऱ्या दिवशी विचारतेच, काय रे, काही टेन्शन आहे का.

पायरी १: एक आठवडा नुसतं लिहा

सोमवार सकाळ ते रविवार रात्र. काम बदललं की वेळ टाका आणि दोन शब्द लिहा, बस. "७:१० ते ७:४० डबा", "७:४० ते ८:०५ मोबाईल", असं. निबंध नको.

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात ते हिशोबाचा आठवडा आहे म्हणून शहाण्यासारखं वागायला लागल्यामुळे. रील्स बघत नाहीत, लवकर झोपतात, आणि मग वहीत दुसऱ्याच कोणाचा तरी आठवडा उतरतो. जसे आहात तसे राहा, ही वही कोणी तपासणार नाहीये. फोनचा आकडा अंदाजाने लिहू नका, अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनवर 'स्क्रीन टाइम', तिथून रोजचा खरा आकडा उचला.

रविवारी रात्री बेरीज करा. आठवड्याचे तास १६८. नमुना म्हणून नागपुरातल्या मनीष नगरात राहून शहराबाहेर बुटीबोरीच्या कंपनीत जाणारा माणूस घेऊ. झोप रोज ७ तास म्हणजे ४९, उरले ११९. नोकरी ९ तास, सहा दिवस, ५४ गेले, उरले ६५. जाणं-येणं रोजचे २ तास धरले तर १२, उरले ५३. आंघोळ, चहा, जेवण रोज अडीच तास, साडेसतरा गेले, उरले साडेपस्तीस. भाजी-सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणणं, मुलांचा अभ्यास, घरातलं वरचं काम रोज २ तास, १४ गेले, हातात साडेएकवीस. आणि फोन रोज अडीच तास निघाला तर साडेसतरा तिथे. राहिले ४ तास, पूर्ण आठवड्याचे, रविवार धरून. या चार तासांत त्याला चालायचं आहे, वाचायचं आहे, पोराला सायकल शिकवायची आहे, सोसायटीची मीटिंग आहे आणि मावसभावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पण आहे.

तपासा: बेरीज १६८ च्या वर गेली तर तुम्ही फोन दोनदा मोजलाय, जेवतानाचा जेवणातही आणि फोनमध्येही. १५० च्या आसपास थांबली तर मधले तुकडे लिहायचे राहिले, दहा-दहा मिनिटांचे, आणि खरी गळती बहुतेक वेळा तिथेच असते.

पायरी २: कोणाला काय शब्द दिलाय त्याची यादी

ही कामांची यादी नाहीये. दूध आणायचंय, लाईट बिल भरायचंय, हे इथे लिहू नका. इथे फक्त शब्द लिहायचे, म्हणजे तुम्ही कोणाला तरी "हो, मी बघतो" म्हणालात आणि तो माणूस तुमच्या भरवशावर आहे, अशा गोष्टी. चार रकाने आखा. काय, कोणाला, केव्हापर्यंत, आणि मी नाही केलं तर कोण करेल.

आठवून लिहायला बसलात तर सात-आठच सुचतील. म्हणून व्हॉट्सअॅपवरचे सगळे ग्रुप वरपासून खालपर्यंत एकदा बघा, मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट बघा, कारण जिम, क्लास, वर्गणी जिथे पैसे जातात तिथे कुठेतरी शब्द अडकलेला असतो, आणि फ्रिजवर चिकटवलेले कागद बघा. एका ओळखीतल्या वहिनींच्या वहीतल्या चार ओळी देते, त्यांना विचारूनच:

सोसायटीचा मेंटेनन्स गोळा करणं, सेक्रेटरींना, मार्चपर्यंत, तळमजल्यावरचे काका करतील.
भिशीचा हिशोब, बारा जणींना, जूनपर्यंत, मधेच सोडता येत नाही.
भाच्याचं गणित, नणंदेला, तारीख नाही, क्लास लावतील.
सासऱ्यांच्या गोळ्या आणि दर महिन्याची तपासणी, घरात, कायम, कोणीच नाही.

चौथ्या रकान्यात "कोणीच नाही" हे फार थोड्या ठिकाणी खरं असतं. वहिनींनी आधी सगळीकडे तेच लिहिलं होतं, मग एकेक खोडत गेल्या. तुम्ही पण घाईत लिहू नका, प्रत्येक ओळीला नाव शोधा, नाव नाही सापडलं तर निदान "झालं नाही तरी चालते" असं लिहायची हिंमत करा.

तिसऱ्या रकान्यात तारीख नसलेल्या ओळींखाली लाल रेघ मारा. ज्या शब्दाला शेवट नाही तो वर्षानुवर्षं चालतो, आणि तो का दिला होता हे देणाऱ्यालाही आठवत नाही.

तपासा: यादी वीसच्या आत संपली तर ती अपुरी आहे. नवऱ्याला नाहीतर बायकोला दाखवा, दोन मिनिटांत पाच ओळी वाढतील.

पायरी ३: दोन निवडा, फार तर तीन

आधी पोटापाण्याचं, औषधपाण्याचं आणि घरातल्या लहान-म्हाताऱ्यांचं बाजूला काढून ठेवा. ही प्रायोरिटी नाही, हे तर करायचंच आहे, याला प्रायोरिटीच्या यादीत टाकलं की यादी तिथेच भरते आणि मग मला स्वतःसाठी काहीच उरत नाही असं रडगाणं सुरू होतं.

उरलेल्यातून निवडायचं. साधा नियम, ज्या गोष्टीला आठवड्यात निदान ३-४ तास देता येत नाहीत ती इच्छा आहे, प्रायोरिटी नाही. पायरी १ मधले मोकळे तास घ्या, त्यात फोनमधून खरंच किती काढू शकता ते मिळवा, निम्मेच धरा, आणि चारने भागा. वरच्या बुटीबोरीवाल्याचे ४ आणि फोनमधले ९ च्या आसपास मिळून १३ होतात, म्हणजे तीन गोष्टी. मी त्याला दोनच घ्यायला सांगेन, कारण पाहुणे येतात, ताप येतो, गाडी पंक्चर होते.

लिहायचं कसं? "तब्येत" लिहू नका, ते काही काम नाही. "सोम-बुध-शुक्र-शनि सकाळी साडेपाच ते साडेसहा फुटाळा तलावावर चालणं" असं लिहा. वेळ, दिवस, जागा. आणि एप्रिल-मेमध्ये साडेसातनंतर चालणं होत नाही हे आत्ताच धरा, दोन वेळा लिहून ठेवा, उन्हाळ्याची वेगळी आणि थंडीची वेगळी.

आता इथली सगळ्यात मोठी चूक, आणि याच्याबद्दल कोणी बोलत नाही. नवरा वहीत लिहितो सकाळी साडेपाचला चालणं. बायको तिच्या वहीत लिहिते सकाळी साडेपाचला योगा. दोघंही खुश. आणि साडेसहाला जी स्कूल व्हॅन येते तिचा डबा कोण भरणार? बहुतेक घरांत याचं उत्तर न बोलताच ठरतं आणि एकाचा बिझीपणा सुटतो तो दुसरीच्या अंगावर पडून. म्हणून निवड झाली की त्याच दिवशी दोघांनी वह्या समोरासमोर ठेवा, आई-बाबा सोबत राहत असतील तर त्यांनाही बसवा, आणि प्रत्येक प्रायोरिटीच्या वेळेला घरात काय काम असतं आणि ते कोण करणार हे नाव घालून लिहा. भांडण झालं तर होऊ द्या, आता झालेलं बरं. चालायचे वार वाटून घेतले, दोन त्याचे दोन तिचे, तरी दोघांचं चालतं.

इशारा: जी गोष्ट स्टेटसला टाकता आली नाही तर करावीशी वाटणार नाही, ती निवडू नका.

पायरी ४: जुनं नीट बंद करा

हा सगळ्यात लांब टप्पा आहे, दोन-तीन महिने लागतात. एका रविवारी जोशात येऊन सगळीकडून बाहेर पडलात तर लोकांना वाटतं काहीतरी बिनसलं, फोन येतात, समजूत काढतात, आणि तुम्ही अर्ध्या ठिकाणी परत जाता. क्रम असा ठेवा.

आधी ज्याची तारीख जवळ आहे ते. मधे सोडू नका, संपू द्या, फक्त पुढचं घेऊ नका. भिशी याच प्रकारातली. तुमचा नंबर लागून पैसे घेऊन झालेत आणि मग बाहेर पडलात तर आयुष्यभर ऐकावं लागेल, आणि बरोबरच आहे ते. शेवटचे दोन नंबर राहिले की सांगा, "ताई, पुढच्या भिशीत मला धरू नका", म्हणजे त्यांना दुसरी शोधायला वेळ मिळतो.

मग जे दुसरा करू शकतो ते. यात नुसतं तोंडी सांगून भागत नाही. सोसायटीचं काम असेल तर लेखी द्या आणि सोबत पावती पुस्तक, शिल्लक रक्कम, बिलांची फाईल, गच्चीची किल्ली, प्लंबरचा नंबर, सगळं एका पिशवीत घालून समोरच्याच्या हातात द्या, मिळाल्याची सही घ्या. हे नाही केलं तर पुढचे सहा महिने "ते टाकीवाल्याचं बिल कुठे आहे हो" असे फोन येतात, म्हणजे पद गेलं पण काम राहिलं.

नात्यातलं सगळ्यात शेवटी, आणि तिथे बंद करायचं नसतं, कमी करायचं असतं. एका लग्नात साक्षगंध, हळद, लग्न, रिसेप्शन अशा चार हजेऱ्या असतात, जवळचं सोडून बाकी ठिकाणी एकाच हजेरीला जा, पण पूर्ण वेळ थांबा. महालक्ष्म्यांना चार घरचं जेवणाचं आमंत्रण असेल तर एका घरी पंगतीला बसा, बाकीच्यांकडे संध्याकाळी दर्शनाला जाऊन या, आणि हे आदल्या दिवशी फोन करून सांगा. पानं वाढून झाल्यावर सांगणं वाईट, स्वयंपाक करणारीला जास्त.

नाही कसं म्हणायचं? थोडक्यात, आणि कारण न देता. कारण दिलं की समोरचा ते सोडवतो. हे बघा:

"भाऊ, यंदा वर्गणीला फिरायला जमत नाही."
"काऊन बे, काय झालं?"
"अरे ऑफिसमधून यायलाच उशीर होते."
"मग रात्री नऊनंतर फिरू ना. दोनच तास तर लागते."

झालं, अडकले. त्याऐवजी, "भाऊ, यंदा माझ्याकडून होणार नाही, माझी वर्गणी मात्र आजच घेऊन जा." पुन्हा विचारलं तरी हेच वाक्य, त्याच सुरात. तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. मोठ्यांना "काकू, या वेळी नाही जमणार, पण रविवारी तुमच्याकडे चहाला येते" असं म्हणा, आणि मग त्या रविवारी खरंच जा. साहेबांना नाही म्हणू नका, निवड त्यांच्यावर टाका: "सर, हे आज घेतलं तर कालचं उद्यावर जाईल, कोणतं आधी पाहिजे?"

व्हॉट्सअॅपचं वेगळं सांगते. आधी सगळे ग्रुप म्यूट करा, तिथे ८ तास, १ आठवडा आणि कायम असे पर्याय असतात, कायम निवडा. मग अर्काइव्ह, आणि सेटिंग्जमध्ये चॅट अर्काइव्हच राहतील तो पर्याय चालू आहे ना ते बघा, नाहीतर नवीन मेसेज आला की ग्रुप परत वर येतो. महिनाभर ज्याची आठवणच आली नाही त्यातून बाहेर पडा. गुपचूप पडता येतं, आता फक्त अॅडमिनला कळतं, बाकीच्यांना मुद्दाम सदस्यांच्या यादीत जाऊन बघितलं तरच दिसतं. आणि प्रायव्हसीमध्ये ग्रुपच्या सेटिंगला 'माझे संपर्क' करून ठेवा, अनोळखी लोक उचलून कुठेही टाकणार नाहीत.

इशारा: शाळेचा वर्गाचा ग्रुप आणि सोसायटीचा पाण्याचा ग्रुप सोडू नका. म्यूट पुरे, दिवसातून एकदा बघा.

पायरी ५: मोकळी झालेली जागा मोकळीच ठेवा

दोन-तीन आठवडे. इथे लोक घाई करतात, मंगळवारची संध्याकाळ मोकळी झाली की लगेच ऑनलाइन कोर्स. थांबा. सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होतं, हात फोनकडे जातो, उगाच कपाट आवरावंसं वाटतं. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गॅलरीत बसा, काही करू नका.

या दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तू तर रिकामाच आहे ना आता, जरा ताईला स्टेशनवर सोडून दे." कधीतरी सोडा, नाही कशाला म्हणायचं, पण ठरलेल्या वेळेत असेल तर "त्या वेळेला माझं काम आहे" एवढंच बोला. आराम करायचा आहे असं चुकूनही म्हणू नका, आपल्याकडे ते कारण चालत नाही.

पायरी ६: आता वेळापत्रक

एक प्रायोरिटी बसवा, तीन-चार आठवडे ती टिकली की मग दुसरी. दोन्ही एकाच सोमवारी सुरू केल्या की दोन्ही एकाच गुरुवारी बंद पडतात. प्रत्येकीला एक राखीव वार द्या, शुक्रवारचं हुकलं तर रविवारी, आणि रविवारचं पण हुकलं तर सोडून द्या, पुढच्या आठवड्यात डबल करायला जाऊ नका.

किरकोळ कामं एकत्र बांधा. बाजाराला बर्डीवर एकदा, इतवारीत एकदा असे आठवड्यात चार चकरा मारण्यापेक्षा शनिवारची दुपार ठरवा आणि यादी घेऊन एकदाच जा. मेट्रो सोयीची पडत असेल तर तीच घ्या, पार्किंग शोधण्यात जाणारा अर्धा तास वाचतो. सोमवार ते शुक्रवार बाजार बंद म्हणजे बंद.

पायरी ७: दारावर पहारा

नवीन काही आलं की जागेवर हो म्हणायचं नाही. "उद्या सांगतो" म्हणा आणि उद्या खरंच सांगा, लटकवून ठेवू नका. हो म्हणायचंच असेल तर वहीतली एक ओळ आधी खोडा, आणि नवीन ओळीत तिसरा रकाना, म्हणजे तारीख, भरल्याशिवाय शब्द देऊ नका. "फेब्रुवारीपर्यंत करतो" आणि "करतो" यात खूप फरक पडतो.

महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं वही उघडा. दोनच गोष्टी बघा, प्रायोरिटीला ठरलेले तास मिळाले का, आणि तुमचं सुटलेलं काम घरात कोणाच्या डोक्यावर बसलं. दुसरी गोष्ट त्या माणसालाच विचारा, स्वतःच ठरवू नका. पोळ्याच्या आधी एक मोठी तपासणी ठेवा, कारण पुढचे तीन महिने निमंत्रणंच निमंत्रणं, तेव्हा कुठे जायचं आणि कुठे नाही हे ऑगस्टमध्येच लिहून ठेवलेलं बरं पडतं.

हे कोणी करू नये

घरात तान्हं बाळ आहे, कोणी आजारी आहे किंवा कोणाची नोकरी नुकतीच गेली आहे, त्यांनी ही सगळी पद्धत लावत बसू नका. तुमचा बिझीपणा निवडलेला नाहीये, त्यामुळे तो वहीने सुटणारही नाही. तुम्ही फक्त पायरी २ चा चौथा रकाना भरा, "मी नाही केलं तर कोण करेल", आणि तिथे ज्यांची नावं येतील त्यांना या आठवड्यात फोन करून एकेक काम सरळ मागा. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना नेमकं काय लागतं ते सांगा, गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात बाबांजवळ बसशील का, असं, दिवस आणि वेळेसकट.